मागचं लेबल

पावण्याच्या गोदामात एसी अठरावर असतो.
आमच्यासाठी नाही.
मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसतो,
मी, शबनम आणि दिघ्याची प्रणोती,
आणि बाटल्यांना स्टिकर लावतो.

खोकं उघडलं की आत सहा बाटल्या, आडव्या,
बर्फात पापलेटं रचतात तशा,
एकीचं डोकं, दुसरीची शेपटी.
पुढच्या लेबलवर एक घर, एक उतार
आणि आडनाव: ग्वास्केती.
मागच्या लेबलवर बारीक अक्षरांचा परिच्छेद.
स्टिकर बरोबर त्याच्यावर यायला हवा,
वरची कड वरच्या कडेला.
आयातदार. परवाना क्रमांक. सातशे पन्नास मिली.
मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.
किंमत सात हजार चारशे,
म्हणजे माझे पंधरा दिवस,
ओव्हरटाइम धरून.

ते घर जे काय सांगतं
ते मी रोज नऊशे वेळा झाकते.

कंपनीच्या झुबिनसरांना एकदा विचारलं,
सर, इथं काय लिहिलंय?
त्यांनी बाटली ट्यूबलाइटखाली धरली,
ओठ हलवत हळूहळू वाचलं.
उतार पणजोबांनी लावलेला.
आता तिघं भावंडं बघतात.
थोरला वेली छाटतो, मधला पिंपं सांभाळतो,
आणि पिएरा नावाची बहीण चव घेते.
ती हो म्हणेपर्यंत एक बाटली बाहेर जात नाही.
एकदा तिनं सहा वर्षं हो म्हटलं नाही.
शेवटच्या ओळीत वास दिलाय, सर म्हणाले,
गुलाब. आणि डांबर.

शबनम हसली.
सात हजाराला डांबर?
एमआयडीसीच्या रस्त्यावर या, सर, फुकट हुंगा.

फेब्रुवारीत एका बाटलीची मान तडकली.
एक्साइजचे वाघचौरे साहेब येईपर्यंत
दोन दिवस ती बादलीत उभी.
मग पंचनामा.
सगळ्यांदेखत मोरीत ओतली,
लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी.
दुसऱ्या साक्षीदाराची सही माझी.
काच उचलताना हातमोजा भिजला,
तो मी खिशात घातला. का, माहीत नाही.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून हुंगला.
आधी रबर.
मग भिजलेलं लाकूड.
मग सुपात वाळणाऱ्या कोकमाची आंबट ऊब,
आणि सगळ्याच्या खाली, तळाशी,
खरंच.

दिवाळ्याच्या बंदरावर बापूस होडी कुशीवर कलती करायचा,
पत्र्याच्या डब्यात डांबर कढवायचा.
काडी बुडवायचा, तार धरते का बघायचा,
आणि आम्ही तिघं भावंडं कुंचे घेऊन ताटकळत.
थांब गो, आजून नाय झाला.
ऊन डोक्यावर यायचं.
आजून नाय.
नारळी पुनवेला नाळेवर गुलाबाचा हार,
आणि नवं डांबर उन्हात त्याच्याखाली घाम गाळत.

होडी विकून तेरा वर्षं झाली.
थोरला उलव्याला सिक्युरिटीत आहे,
धाकट्याची गाडी ॲपवर चालते.
बापूस टीव्हीसमोर बसतो, आवाज बंद करून.
त्या रात्री हातमोजा त्याच्या नाकाशी धरला.
त्यानं डोळे मिटले.
बराच वेळ.
मग म्हणाला,
कुनाची होडी गो?

दुसऱ्या दिवसापासून मी स्टिकर
दोन मिलिमीटर वर लावते.
खालची एक ओळ उघडी राहते.
मला ती वाचता येत नाही,
पण कुठली ते माहीत आहे.
मार्चअखेरीस झुबिनसरांच्या लक्षात आलं.
त्यांनी पट्टी लावून मोजलं,
माझ्याकडे बघितलं,
पुन्हा मोजलं.

चालेल, म्हणाले.