फलक, गल्ली नंबर सहा

हिलाल आबांचा हात कापायला लागला
तेव्हा खडूची पेटी माझ्याकडे आली,
कारण माझं दुकान फलकासमोर,
आणि साडीला पिको करणाऱ्या बाईची रेघ
सरळच असणार, असं गल्लीनं धरून चाललं.

आबांनी सांगितलं थोडकंच:
वर वार, तारीख. मग मयत. मग पाणी.
बाकीचं त्याखाली, जागा उरली तर.
वय विचारून लिही, अंदाजानं नको.
जित्या माणसाला ‘कै.’ लावू नको.
एकदा लावलं होतं त्यांनी, भटू वाण्याला;
तो दिवसभर फलकाखाली उभा राहून
येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होता.

पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली.
बाईच्या हातानं मयत लिहायची?
मी लिहिली.
निंबा सोनार, वय एक्क्याऐंशी,
अंत्ययात्रा सकाळी दहा, राहत्या घरून.
आबा आले काठी टेकत,
थुंकी लावलेल्या बोटानं एक ‘य’ नीट केला
आणि निघून गेले.
पुढे कोणी बोललं नाही.

फोनवर सगळं आधीच येतं म्हणा.
तरी थांबतात. दूधवाला,
एक पाय जमिनीवर, एक पायडलवर.
झेलाबाई मला मोठ्यानं वाचायला लावते
आणि ऐकून झाल्यावर विचारते,
“कोनता निंबा व माय?”

हरवली आहे: ऐकायची मशीन, डाव्या कानाची.
कानबाई रविवारी, चौधरींच्या ओट्यावर.
तहूरा मणियार, दहावी, शहाऐंशी टक्के.
तिचे वडील दिवसभर रिक्षा
फलकासमोर लावून बसले.
सावलीसाठी, म्हणाले.

मग वैशाखात ते झालं.
टाकीवरचा माणूस ‘साडेतीन’ म्हणाला,
मी ‘पहाटे’ लिहिलं.
नवव्या दिवसाचं पाणी.
रात्रभर गल्ली जागी, नळांना नळ्या जोडून,
पोरं ओट्यावर आडवी,
पंपाचा एक खाकरा, मग नुसती हवा.
पाणी आलं दुपारी साडेतीनला.
अर्धी गल्ली कामावर, अर्धी झोपेत,
ज्यांचे नळ उघडे राहिले होते
त्यांच्या मोऱ्यांतून ते गटारीला लागलं.

भांडायला कोणीच आलं नाही.
उषाताई बोरसेंनी फक्त एक रिकामा हंडा
माझ्या शटरपाशी आणून ठेवला.
मग आणखी एकीनं.
सकाळी मोजले: अकरा हंडे, दोन बादल्या,
आणि शाळेच्या पोराची एक निळी बाटली.

आबांनी हे सांगितलं नव्हतं,
चूक कुठे लिहायची,
मयतीच्या वर की खाली.
मी अख्खा फलक पुसला, ओल्या फडक्यानं, दोनदा.
वार. तारीख. मग
‘पाण्याची वेळ मी चुकीची लिहिली.
विचारून घ्यायला हवी होती.’
आणि खाली नाव.
फलकावर गेलेल्यांची नावं असतात, पास झालेल्यांची,
लिहिणाऱ्याचं आजवर नव्हतं.
मंदाकिनी जाधव, फॉल-पिको.

हंडे एकेक करून घरी गेले. बादल्याही.
बाटली अजून दुकानात आहे.
‘सापडली आहे’ म्हणून तीनदा लिहून झालं,
आता तिच्यात सुटी बटणं ठेवते.

टाकीवर फोन लावला की विचारते,
साडेतीन म्हणजे कुठले साडेतीन, भाऊ?
तो हसतो. हसू दे.

आज शुक्रवार. मयत नाही.
पाणी: टाकी क्रमांक चार,
दुपारी साडेतीन, दुपारी.
आबांनी येऊन दुसरं ‘दुपारी’ पुसलं.
ते कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबले
आणि परत लिहिलं.