दुबार नोंद

ताळगावच्या पठारावर, ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
शनिवारी अडीचला प्रशिक्षण.
बावीस संगणक, त्यांतले एकोणीस चालू.
ओर्लांदो सर सांगतात, एकदा नीट भरा,
मग तळटीप हाताने लिहायची गरज नाही जन्मभर.

आडनाव, स्वल्पविराम, नाव. वर्ष. प्रकाशक. पृष्ठ.
बटण दाबलं की शंभर संदर्भ
हजेरीपटासारखे ओळीत.
शेजारचा काणकोणचा वेळीप हसतो:
त्याच्या यादीत 'द'खाली अख्खा वाडा जमलाय,
द कुन्हा, द मेलो, द सिल्वा,
सॉफ्टवेअरला वाटलं सगळे एका घरचे.

मी लिहितेय आगरवाड्याच्या मिठागरांवर.
पोर्तुगीज खतावणीचे फोटो, दोन अहवाल, एक नकाशा,
आणि एक बाई, जिनं सांगितलं
की मीठ धरायला आलं हे डोळ्यांना उशिरा कळतं,
टाचेला आधी.

तिच्यासाठी रकाना शोधला.
ग्रंथ नाही, नियतकालिक नाही, प्रबंध तर नाहीच.
'मुलाखत' सापडलं, बरंच खाली.
प्रकाशक मोकळा सोडला.
स्थळ: बांधावर. तेवढं त्यानं निमूट घेतलं.

मग पिवळी खूण.
दुबार नोंद असण्याची शक्यता. विलीन करायची?

शीर्षक एक, तारीख एक, बांध एकच.
एकीत चंपावती धोंडू हळर्णकर,
दुसरीत सत्यभामा यशवंत आगरवाडेकर.

संमतिपत्रावर सही करताना
पेन हवेत धरून तिनं विचारलं होतं,
"खयचां नाव बरवू? तांदळातलां
की बापाशीनं ठेवलेलां?"
मला साडेचारची बस गाठायची होती.
म्हटलं, कुठलंही चालेल.
तिनं दोन्ही लिहिली,
मिठानं चिरलेल्या बोटांनी, सावकाश,
पहिलं लिहिताना स्पेलिंग चुकल्यासारखी थांबत.

आता तोच प्रश्न पडद्यावर:
मूळ नोंद कुठली?
उरलेली केराच्या टोपलीत जाईल,
तीस दिवस तिथे राहील.

सर मागे येऊन उभे राहिले.
एक ठेव गो, नाहीतर मागीर घोळ.
त्यांचं खरंच आहे.

मी खूण बंद केली.
प्रबंधाच्या शेवटी दोघी असतील,
'आ'खाली एक, 'ह'खाली दुसरी,
मधे पंचाहत्तर पुरुष.
परीक्षक बहुधा शेरा मारतील,
की दोन स्वतंत्र स्रोतांचं
टाचेबाबत
इतकं एकमत कसं.