कथित

कागदावर माझ्या नावाआधी 'अर्जदार' आहे
आणि माझ्या हाताआधी 'कथित'.
कथित इजा. कथित बधिरता.
सहा पानांत अकरा वेळा.
झांबरे वकील वाचत होते तेव्हा मी मोजलं,
डाव्या हाताच्या पेरांवर.
उजवी पेरं आता हिशोबाला लागत नाहीत.

म्हणलं, साहेब, कथित म्हणजे काय?
म्हणाले, म्हणजे तुम्ही सांगताय तसं.
मग बरोबर आहे. सांगितलंच होतं मी,
आधी मुजावर सिस्टरला, मग मिरजेच्या तीन डॉक्टरांना,
मग शेडच्या मालकाला. तो म्हणाला,
बोटं चालत नसतील तर डबे पुसायला ये.

मंगळवारी सुई, शनिवारी मुंग्या.
मधले तीन दिवस कुणाचे,
एवढंच ठरायचं होतं चार वर्षं.
एक डॉक्टर म्हणाला, सुईनंच.
दुसरा म्हणाला, मानेचा मणका.
तिसऱ्यानं साखर तपासली, बराच वेळ गप्प बसला,
आणि लिहिलं: शक्यता नाकारता येत नाही,
खात्रीही देता येत नाही.
मला त्याचाच कागद खरा वाटला.
कोर्टात तो कुणाच्याच कामाला आला नाही.

मी तासगावला बेदाणा निवडायची.
हिरवा हिरव्यात, पिवळा पिवळ्यात, काळा बाजूला.
पण रंग काय, कुणालाही दिसतो.
आत पाणी राहिलंय का, ते बोटाला कळायचं.
न बघता सांगायची, हा डबा दिवाळी गाठणार नाही.
त्या शनिवारी म्हणलं, हाताला मुंग्या आल्यात.
पुढच्या आठवड्यात खरीच एक मुंगी
गोडाच्या वासानं बोटांवरनं मनगटापर्यंत चालत आली.
मला दिसली.
नुसती दिसली.

सांगलीला, विजयनगरच्या कोर्टात, लोकअदालत.
पुन्हा शनिवारच.
शेजारच्या टेबलावर थकलेलं वीजबिल,
पलीकडं ट्रॅक्टरचे हप्ते,
मधे आम्ही.
पुण्याहून आलेली कंपनीची वकीलबाई माझ्या लेकीच्या वयाची,
तिनं आधी मला पाणी दिलं, बाटलीचं टोपण काढून.
कुणीतरी सांगितलं असणार तिला.
दोन लाख दहा हजार.
कुठलीही जबाबदारी मान्य न करता, सद्भावनेनं.
मिटवून टाका, मावशी, झांबरे म्हणाले.
म्हणलं, मूठ मिटंना, केस मिटतीय होय.
ते हसले. मग हसायचे थांबले.

कलम पाच: सदर बाबीची अर्जदार कुठंही वाच्यता करणार नाही.
म्हणजे जे कथित होतं
ते इथनं पुढं कथायचं नाही.

सही येते मला.
साक्षरता वर्गात शिकलेय,
इंदुबाईतला 'इ' वळवायला महिना गेला होता.
पेन दोनदा सुटलं.
शिपायानं न विचारता शाईचं पॅड पुढं सरकवलं.
तीस वर्षांनी पुन्हा अंगठा.
शाई गार असती म्हणतात.
कागदावर मात्र एकेक रेघ उमटली, गोल, स्वच्छ.
त्या अंगठ्याआधी कुणी काही लिहिलं नाही.

गुरुवारी नातवाची दीड वर्षाची लस.
सून म्हणाली, तुम्ही नका येऊ, आत्या.
गेले.
अंगणवाडीत मुजावर सिस्टर.
चार वेळा साक्षीला येऊन गेलेली, त्यांच्या बाजूनं,
आणि चारही वेळा स्टॅंडपर्यंत माझी पिशवी धरून चाललेली.
काय झालं हो निकालाचं?
मी तोंड उघडलं. कलम पाच.
मिटलं, म्हणलं.
बरं, म्हणाली. बाटली उजेडात धरून तारीख वाचली, सुई भरली.
सून होती शेजारी, तरी पोराची मांडी
मलाच धरायला लावली.
मग हातात कापूस दिला. दाबून धरा, चोळू नका.
धरला.
किती जोरात, ते मला
त्याच्या रडण्यावरनं कळलं.