खारं लाकूड

कुडाळच्या दुकानात तीन चुली होत्या ओळीने.
एक चकचकीत, पातळ. बोटाच्या पेराने वाजवली
तर रिकाम्या डब्यासारखी बडबडली.
दुसरीला पंखा, वायर, हिरवा दिवा.
तिसरी बिडाची, गप्प. दोघांनी धरली तरच हलेल अशी.
बांगडा घेताना कल्ला उघडून बघते
तसं मी तिचं तोंड उघडून आत पाहिलं:
खाली भोकांची एक ओळ, वर दुसरी.
दुकानदार म्हणाला, वरच्या भोकांतून वारा येतो,
धूर आतल्या आत पुन्हा जळतो.
मग बाहेर काय येतं?
म्हणाला, काही नाही.
वीस वर्षं डोळे चोळत भाकऱ्या थापल्या मी.
काही नाही एवढं महाग असेल, वाटलं नव्हतं.
भिशीचे सगळे पैसे तिथेच मोजले.

बस्त्याव फर्नांडिसने कौलं काढून पाइप बसवला,
वर टोपी घातली, पश्चिमेच्या वाऱ्याकडे पाठ करून.
उतरला नि बोट नाचवत म्हणाला,
"वयनी, राख रोज काढ, पण समूळ नको,
बोटभर ऱ्हवांदे, निखारो तग धरता.
आणि खाऱ्या पाण्यातला लाकूड घालू नको हां.
लोखंडाक खाता ता."

मी ऐकलं.
माघात किंजळ फोडून घेतली, काजूच्या फांद्याही.
दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघायची,
थप वाजलं तर पोटात ओल आहे,
टण वाजलं तर चालेल.
महिन्यातून एकदा पाइपात हिराचा झाडू,
सांध्याला माती, राख नि शेण मळून लिंपण,
मग अंगणात जाऊन वर बघायचं.
धूर दिसता कामा नये.
पाइपामागची झावळी पाण्यात दिसावी तशी
जरा हललेली दिसली, की झालं.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर पाइपाचं कोपर गेलं.
बस्त्यावने काढून उजेडात धरलं. चाळण.
आतली काजळी बोटावर घेतली,
जिभेला लावली, थुंकला.
"वयनी, हयसर मीठ कोण जाळता?"
मी जाळत नव्हते.

मागच्या मांडवात जाऊन पाहिलं.
होडीच्या फळ्या भिंतीला उभ्या होत्या,
कधी मोजल्या नव्हत्या.
आता मोजायची गरज नव्हती,
नसलेल्यांच्या जागा भिंतीवर उमटल्या होत्या,
उभ्या, फिकट.

रात्री जाग आली तर शेजारचं अंथरूण थंड.
स्वयंपाकघरात दिवा नव्हता.
नवरा चुलीसमोर उकिडवा, चुलीचं दार सताड,
आणि आत जाळ निळा, मग हिरवा,
दहा वाव पाण्यावर असतो तो रंग.
इंजिन विकलं तेव्हा तो काही बोलला नव्हता.
नंबराची पाटी उचकटून दिली तेव्हाही नाही.
कोणी विचारलं तर म्हणायचा, गुडघे दुखतात.

दार उघडं ठेवलं की धूर घरात येतो
हे त्याला ठाऊक होतं. मलाही.
मी खोकला दाबला नि परत जाऊन पडले.

सकाळी नव्या कोपराचे पैसे त्याच्याच हातात दिले.
कोपर कसं गेलं, त्याने विचारलं नाही.
संध्याकाळी बघते तर उरलेल्या सात फळ्या
मांगरात आडव्या, चार चिऱ्यांवर,
आणि सगळी किंजळ त्यांच्यावर रचलेली,
मध्ये बोटबोट वारा सोडून.
भुईची ओल आता लाकडांपर्यंत पोचत नाही.

आषाढात त्या फळ्यांना घाम येतो.
हात टेकला तर चिकटतो.
बस्त्यावचे दीडशे अजून द्यायचे आहेत.