सुईधाग्याचा अधिकार

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात माझं टेबल
कूलर आणि रेकॉर्डचं कपाट यांच्या मधे.
दर मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचं पाणी
कुणाच्या तरी कैफियतीवर उडतं, शाई फुटते.
पद: भाषांतरकार.
काम: माणूस बोलतो ते
कागद बोलतो तसं करणे.

बावीस वर्षांत एवढंच कळलं,
कायदा अरबस्तानातून निघाला, वाटेत फारसी शिकला,
विधी होमाजवळून उठून आला,
कोर्ट बोटीतून उतरलं,
आणि तिघं एका फाईलीत, एका पांढऱ्या नाडीत
न भांडता झोपतात.
भांडतो तो पक्षकार.
दाद गाणाऱ्याला आपोआप मिळते,
इथे ती मागावी लागते, वर तिकीट लावून.
कलम हा शब्द मी वाचला की
काटोलकडचा एखादा हमखास विचारतो,
जंबेरीवर बांधतात ते का, मॅडम?
तेच, मी म्हणते.
दुसऱ्याच्या मुळावर आपला डोळा.

पाचपावलीच्या वेणूबाई हेडाऊ
स्वतःला वादी म्हटलेलं ऐकून दचकल्या.
"मी कधी वाद घातला जी?
भिंत त्यानं घातली. वादी तो."
बाकाच्या दुसऱ्या टोकाला चकोले,
त्याला नावाआधीचा 'प्रति' बहुमान वाटला होता.

दाव्याची मिळकत: पूर्वेची खिडकी, दोन फूट बाय तीन.
खिडकीखाली माग,
मागावर चंद्रकळा, काळीभोर.
काळ्या सुतात काळं सूत तुटलं
तर ते सापडायला सकाळचे साडेसात ते दहा लागतात,
असं त्यांनी शपथेवर सांगितलं.
मी लिहिलं:
प्रकाश व हवा यांचा उपभोग,
शांततेने, हक्काने, विनाखंड, वीस वर्षे.
"वीसच? माही सासू बी तिथंच बसे."
सासू पुराव्यात बसत नव्हती.

उलटतपासणीत बांते वकील म्हणाले,
घरात ट्यूबलाइट आहे, हे खरं का?
"आहे. पण तो उजेड बिलाचा.
बिलाच्या उजेडात काळा अन् निळा
एकसारखाच दिसते."
नोंद झाली:
घरात विजेचा दिवा आहे हे साक्षीदारास मान्य.
पुढचं वाक्य
पंख्याच्या आवाजात गेलं असावं.

या हक्काचं नाव सुविधाधिकार.
समितीनं बसून केलेला शब्द,
इस्त्रीचा, कुठेच चुणी नाही.
वेणूबाईंनी तो दोनदा जिभेवर घेतला,
तिसऱ्यांदा आपला करून टाकला:
"म्हणजे सुईधाग्याचा अधिकार."
मी हसले नाही.
कोशातल्या अर्थापेक्षा
तो शब्द त्या खिडकीला नीट बसत होता.

अपिलाच्या कागदांत, पान सव्वीसवर,
बोटांनी तेच टाइप केलं.
टेंभेकरांनी लाल पेनानं गोल काढला.
"हा शब्द कोशात नाही."
माहीत आहे, म्हटलं, आणि दुरुस्त केला.
खोडलेलं पान मात्र घरी आणलं,
ते कुठल्या कलमाखाली येतं
हे मी अजून शोधलेलं नाही.

निकाल संक्रांतीनंतर लागला.
दावा अंशतः मंजूर.
प्रतिवादीने भिंत तीन फूट उतरवावी.
खर्च ज्याचा त्याने सोसावा.
वेणूबाई माझ्या टेबलाशी आल्या,
बोटांना सुताची काळी रेघ.
"अंशतः म्हंजे?"
थोडा.
"थोडा म्हंजे किती वाजेलोक?"

मी निकालपत्र परत उघडलं.
अकरा पानं, शेवटी शिक्का, सही,
मापं फुटांत, इंचांत,
दिशा चारही.
घड्याळ कुठेच नव्हतं.