तळटीप एक्केचाळीस

नेरूळ, सेक्टर अठ्ठेचाळीस, तिसरा मजला.
जेवणाच्या टेबलावर सतराव्या शतकातलं रोम पसरलंय,
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, चष्म्याचं घर, गोळ्यांचा डबा
आणि माझ्याच प्रबंधाचं दुसरं प्रकरण,
जे अकरा वर्षं फक्त वजन म्हणून कामाला येतंय.

बरोक म्हणजे काय, मी वर्गात सांगायचे:
सरळ रस्ता, आणि त्याच्या टोकाला
नजर अडकेल असं काहीतरी.
स्तंभ. कारंजं. घुमट.
चालणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण आपल्या मनाने निघालो.
आणि भिंती अशा वळलेल्या,
जणू आतून कोणी दगडाला हाक मारली
आणि तो अर्धा वळून थांबला.

पोसूबाई तांडेल आज निवटे घेऊन आली.
दाराशी बसली, टोपलीवरचं ओलं फडकं सारलं,
निवटे मोजता मोजता थांबली, उठून टेबलापाशी आली
आणि नकाशा बघत राहिली. पुष्कळ वेळ.
"ही रेग मारली तवा तटली मानसां कटं गेली?"

माझ्याकडे शब्द होते.
अक्ष, दृश्यबंध, मिरवणुकीचा मार्ग.
तळटीप एक्केचाळीसमध्ये एक वाक्यसुद्धा आहे:
'काही घरे हटवण्यात आली.'
काही.
मीच लिहिलंय ते. दफ्तरखान्यातल्या वहीत
आकडा होता की नव्हता, आता आठवत नाही.
त्या दिवशी मला घुमटाकडे जायची घाई होती.

ती पुन्हा खाली बसली.
निवट्यांच्या पाण्यात बोट बुडवून
फरशीवर सासऱ्याचा बांध काढू लागली.
इथं उघाडी. इथं खाडीचं वाकण.
इथं खारं भात, लाल, जाड दाण्याचं.
भरती जोर करते तिथं बांध पोट आत घेतो,
ती दमते तिथं पुढे येतो.
एकही रेघ सरळ नव्हती
आणि एकही उगाच वाकडी नव्हती.

"आणि आता तिथं काय आहे?" मी विचारलं.
तिने ओलं बोट फरशीवर दोनदा आपटलं.
"तू."

मी ट्रेसिंग पेपर आणायला आत गेले.
पंखा पाचवर होता.
परत आले तेव्हा भात वाळलं होतं, वाकण वाळलं होतं,
उघाडीपाशी तेवढं थोडं पाणी.

वाटा दोनशेला. माझ्याकडे पाचशेची नोट.
सुटे नाहीत, ती म्हणाली,
राहू दे, उद्या दे,
तू कुठं जातेस.