शंभरातल्या सहा

शंभर पेशी मोजायच्या, एवढंच माझं काम.
जांभळ्या रंगात बुडवलेली काच, डोळ्याला भिंग,
बोटांखाली जुनं मोजणीयंत्र.
शंभर झाल्या की ते टिंग करतं.
खिडकीबाहेर तोर्सहाव्हनचं बंदर, बहुतेक वेळा धुक्यात,
म्हणजे बंदर आहे असं धरून चालायचं.

सोमवारी ट्रोंदुरच्या काचेवर
लिम्फोसाइट होत्या एकोणतीस.
लघवी तांबडी. मूत्रपिंडाच्या गाळण्या
त्याच्याच पेशींनी कुरतडलेल्या.
कुंपणानंच शेत खाल्लेलं.
फक्त इथली कुंपणं दगडी, आणि शेत म्हणजे
सुदुरोय बेटावरचा, जाळी विणणारा, एकसष्ट वर्षांचा माणूस.

मंगळवारी सकाळी शिरेतून स्टेरॉइड.
दुपारी काच आली.
सहा.

बार्बा नवीन आहे. म्हणाली, बाकीच्या मेल्या?
मी तिला खिडकीशी नेलं.
वादळाचा इशारा लागला की समुद्रावर होड्या दिसत नाहीत,
तेवढ्यावरून सगळ्या बुडाल्या असं कोणी म्हणत नाही.
बऱ्याचशा हाडांच्या मज्जेत शिरल्यात,
दोर बांधून गप्प.
काही मात्र खरंच गेल्या.
हे औषध दार वाजवत नाही, भिंतीतूनच आत जातं,
थेट गाभ्यापर्यंत,
तिथल्या वहीत एक ओळ खोडतं, एक लिहितं.
ती वाचून पेशी स्वतःची घडी घालते,
शेजारणीला धक्काही न लावता.

मग या एवढ्या कोण?
न्यूट्रोफिल. नव्या नाहीत गं सगळ्या.
एरवी रक्तवाहिनीच्या कडेला टेकून उभ्या असतात,
आता पकड सुटली, रस्त्याच्या मधोमध आल्यात.
गर्दी दिसते.
कामावर फारसं कोणी पोचत नाही.

वॉर्डातल्या पत्रकात सैन्य होतं, शत्रू होता, ढाल होती.
ट्रोंदुरनं ते घडी करून चहाच्या कपाखाली ठेवलं.
माझ्याशी लढत कोण होतं, म्हणाला, मीच ना?

तीन आठवड्यांनी तो फेरीनं घरी निघणार, तोच फोन.
नातीला कांजिण्या.
तुला आल्या होत्या का लहानपणी?
आईला ठाऊक, म्हणाला, आणि आई चर्चमागे, मातीत.
मी त्याच्या रक्ताला विचारलं.
रक्त म्हणालं, नाही.

तेव्हापासून तो नावघरात राहतो.
मार्युन उंबऱ्यावर रश्श्याचं भांडं ठेवते,
तो सगळं संपवतो आणि अजून आहे का विचारतो.
रात्री तीनला नावघरात दिवा.
झोप नाही, हात मात्र शिवशिवतात,
गेल्या हिवाळ्यात फाटलेली जाळी सगळी सांधून झाली,
आता शेजाऱ्यांची मागवतो.
काचेला नाक लावून नात म्हणाली,
आजोबा, तुम्ही फुगलात.
तो गाल आणखी फुगवून दाखवतो.

मी फोनवर बजावते:
ताप येईलच असं नाही. जखम लाल होईलच असं नाही.
बोंबलणारेच झोपलेत, त्यामुळे
नुसतं बरं वाटत नसलं तरी फोन कर.
आणि मनानं गोळ्या बंद करू नकोस.
मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी आहेत, टोप्यांसारख्या,
त्यांचं काम दुसरं कोणी करतंय म्हणून त्या पेंगल्यात.
त्यांना हलवून नाही, हळूहळू उठवायचं.
साठ. पन्नास. चाळीस.
तो म्हणाला, म्हणजे बायकोसारखं.
मार्युन मागून काहीतरी बोलली, ते मी लिहीत नाही.

लघवी निवळली. नातीच्या खपल्या गळाल्या.
तो अजून नावघरातच आहे;
सवय झाली म्हणतो.

आज त्याची काच आली. अकरा.
बार्बानं पुन्हा मोजल्या, तिला बारा मिळाल्या.
आम्ही थोडं भांडलो.
होड्या एकदम बाहेर पडत नाहीत,
आणि बाहेर पडतील तेव्हा
त्यांना जुनी वैरं आठवतील की नाही,
हे भिंगातून दिसत नाही.

टिंग.
पुढची काच कुणाची ते मी अजून वाचलेलं नाही.